पडदा घेण्याआधी

जुनवानी रोडनं संध्याकाळी सूर्या मॉलच्या दिशेनं निघालं की दुतर्फा उजेडाचे पडदे लागतात. दातांच्या दवाखान्यावर धावती लाल पट्टी, मिठाईच्या दुकानावर काजूकतलीचा हलता फोटो, कोचिंग क्लासच्या कमानीवर गेल्या वर्षीच्या गुणवंतांची रांग. जुनवानी एकेकाळी भिलाईच्या कडेचं गाव होतं. शंकराचार्य संस्थेची इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजं आली, स्मृतीनगर वाढलं, मॉल आणि मल्टिप्लेक्स उभं राहिलं आणि गावाचा बाजार झाला. बाजार आला की पाटी आलीच. आधी रंगाऱ्याच्या हातची होती, मग फ्लेक्सची झाली, आता एलईडीची आहे.

फरक एवढाच, की फ्लेक्स फसला तर नुकसान दोन-चार हजारांचं असायचं आणि दिवाळीनंतर तो भाजीच्या गाडीवर ताडपत्री म्हणून तरी चालायचा. व्हिडिओ वॉल फसली तर दुकानाच्या फर्निचरएवढे पैसे भिंतीवर अडकून पडतात, आणि ते रोज रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. काळा पडलेला चौकोन, मधल्या दोन मॉड्यूलना चढलेली गुलाबी झाक, अर्ध्यात तुटलेली अक्षरं हे सगळं दुकानाच्या नावाखालीच चाललेलं असतं.

हे पुस्तक अशा खरेदीच्या आधी वाचायचं आहे. ते दुकानदारांसाठी आहे, तसंच दवाखान्याचे व्यवस्थापक, शाळा-कॉलेजांचे रजिस्ट्रार, मंगल कार्यालयांचे मालक, सोसायटीचे सेक्रेटरी आणि गणेश मंडळांचे कार्यकर्ते यांच्यासाठीही आहे. इंजिनिअरना यातलं निम्मं ठाऊक असेल. तरी उरलेलं निम्मं त्यांनाही उपयोगी पडेल, कारण कंपन्यांच्या माहितीपत्रकात ते छापलेलं नसतं.

भिलाईत बसून मराठीत हे लिहिण्याचं कारण सरळ आहे. पोलाद कारखान्यानं इथं देशभरची माणसं आणली. सोव्हिएत संघाशी करार 1955 चा, आणि पहिली झोतभट्टी पेटली 1959 मध्ये. त्या माणसांत मराठी कुटुंबंही होती, आणि त्यांची पुढची पिढी नोकरीपेक्षा दुकानात, दवाखान्यात आणि क्लासेसमध्ये अधिक दिसते. शिवाय हावडा-मुंबई लोहमार्गानं दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगढ, गोंदिया आणि नागपूर एका दोरीत ओवलेले आहेत. सुपेल्याच्या आकाशगंगा बाजारात मिळालं नाही ते नागपूरहून येतं, आणि नागपुरातला माल बऱ्याचदा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आलेला असतो. विक्रेते हिंदीत समजावतात, माहितीपत्रकं इंग्रजीत असतात, आणि घरी निर्णय मराठीत होतो.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. आपल्याकडे पडद्याची निवड उलट्या टोकानं होते. आधी बजेट ठरतं, मग त्यात बसणारा सर्वात मोठा आकार, मग ब्रँड, आणि शेवटी, तेही कुणाला आठवलंच तर, बघणारा माणूस. पुस्तकातली प्रकरणं मुद्दाम दुसऱ्या टोकाकडून लावली आहेत. बघणारा किती अंतरावर उभा आहे आणि त्याला काय वाचायचं आहे हा पहिला प्रश्न. पडदा बिघडल्यावर तिसऱ्या वर्षी कोण येणार हा दुसरा. या दोहोंची उत्तरं मिळाली की पॅनेलची निवड बहुतेक आपोआप होते.

अंतराचं गणित आकड्यांतच पाहू. एलईडी भिंतीत दिव्याच्या दोन ठिपक्यांमधल्या अंतराला पिच म्हणतात. पी10 म्हणजे 10 मिलिमीटर, पी2.5 म्हणजे अडीच मिलिमीटर. धंद्यातला ठोकताळा असा, की जितके मिलिमीटर पिच तितके मीटर तरी बघणाऱ्यानं लांब असावं, नाहीतर चित्राऐवजी ठिपके दिसतात. बाजारात सर्रास मिळणारं मॉड्यूल 320 बाय 160 मिलिमीटरचं असतं. अशी 192 मॉड्यूल आडवी 12 आणि उभी 16 लावली की 3.84 बाय 2.56 मीटरची, म्हणजे सुमारे साडेबारा बाय साडेआठ फुटांची भिंत होते. पी10 मध्ये या भिंतीवर 98,304 ठिपके बसतात. पी5 मध्ये 3,93,216, आणि पी2.5 मध्ये 15,72,864. आकार तोच आणि ठिपके सोळापट. किंमत सोळापट नसली तरी कितीतरी पट वाढते, आणि रस्त्यापलीकडच्या माणसाला त्यातला बराचसा फरक दिसतच नाही. उलट त्याच रस्त्यावरच्या शोरूममध्ये, काउंटरपासून पाच फुटांवर, कुणी पी5 लावतं आणि ग्राहकाला साडीऐवजी नुसते दिवे दिसतात. दोन्ही चुका एकाच रस्त्यावर बघायला मिळतात, आणि दोन्हीकडे विक्रेत्यानं मालकाला जे हवं होतं तेच दिलेलं असतं.

आता अक्षरं. लांबून वाचायच्या अक्षरांसाठी जुना हिशोब असा, की दर दहा फुटांना इंचभर उंची. ऐंशी फुटांवरून गाडी चालवणाऱ्याला वाचायचं असेल तर आठ इंचांचं, म्हणजे सुमारे 20 सेंटिमीटरचं अक्षर हवं. हा हिशोब रोमन लिपीवरून आलेला आहे आणि देवनागरीला तो जसाच्या तसा लागू पडत नाही. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार असतात, खाली उकार आणि रकार लोंबतात. पी10 च्या एका मॉड्यूलची उंची 16 ठिपक्यांची. त्यातले चार वर गेले, तीन-चार खाली गेले, तर मूळ अक्षराला आठ-नऊच उरतात. आठ ठिपक्यांत 'क' निभावतो, 'शस्त्रक्रिया' निभावत नाही. तिथं स्त्र आणि क्रि यांचे दोन डाग होतात. दवाखान्याबाहेरची एका मॉड्यूलच्या उंचीची पट्टी म्हणूनच 'रक्त तपासणी'वर अडखळते. दोन मॉड्यूल एकावर एक घेऊन 32 ठिपके करा, मजकूर निम्मा करा, आणि मग बघा. ही सूचना एवढी साधी आहे की कोटेशनमध्ये ती कधी येत नाही. आली तर मॉड्यूल दुप्पट होतात आणि शेजारचा विक्रेता स्वस्त ठरतो.

याच्याच जोडीला सॉफ्टवेअरचा त्रास आहे. स्वस्त कंट्रोल कार्डांची काही मोबाइल ॲप देवनागरी नीट जुळवत नाहीत. पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, जोडाक्षरांचे पाय मोडून हलंत उघडे पडतात. यावर उपाय आहे. मजकूर संगणकावर नीट टाइप करून त्याचं चित्र बनवायचं आणि चित्रच कार्डात भरायचं. पण रोज भाव बदलणाऱ्या सराफाला हा उद्योग परवडत नाही. म्हणून डेमोच्या वेळी विक्रेत्याचा तयार व्हिडिओ बघू नका. रंगीत मासे, हिऱ्याच्या अंगठ्या आणि फुटणारे फटाके सगळ्याच पडद्यांवर छान दिसतात. त्याला आपल्या दुकानाचं नाव, आजचा भाव आणि एक अवघड जोडाक्षर असलेली ओळ आपल्यासमोर टाइप करायला सांगा.

घराच्या आत आलं की निवड बदलते. एलसीडी पॅनेल एकमेकांना चिकटवून केलेली भिंत आणि सलग एलईडी भिंत यांतला झगडा इथं असतो. एलसीडीची 55 इंची पॅनेल तीन बाय तीन लावली की साधारण 3.6 बाय 2 मीटरची भिंत होते, आणि दोन पॅनेलांच्या मधली काळी रेघ साडेतीन मिलिमीटरपासून एक मिलिमीटरच्या आतपर्यंत मिळते. रेघ जितकी बारीक तितका खर्च जास्त. जवळून आकडे, नकाशे, तक्ते वाचायचे असतील तर एलसीडीची स्पष्टता अजूनही परवडणाऱ्या किमतीत मिळते. भाषण, लग्न, जाहिरात, म्हणजे चेहरे आणि हलती चित्रं असतील तर चेहऱ्याच्या नाकावरून जाणारी काळी रेघ कुणालाच नको असते; तिथं एलईडी बरी. कारखान्याच्या या गावात कंट्रोल रूम म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. देशातल्या मोठ्या नियंत्रण कक्षांत बरीच वर्षं मागून प्रकाश टाकणारे प्रोजेक्शन क्यूब होते, आता त्यांची जागा एलसीडी आणि बारीक पिचची एलईडी घेते आहे. तिथं 24 तास एकच नकाशा उभा असतो आणि एलसीडीवर त्याची सावली बसू शकते, म्हणून 24 तास चालण्याची हमी असलेलंच पॅनेल घ्यावं लागतं.

ही हमी बारीक अक्षरांत असते आणि ती वाचणारा विरळा. घरचा टीव्ही दुकानात लावला की बहुतेक कंपन्यांची वॉरंटी संपते. व्यावसायिक पॅनेलवर दिवसाला 16 तास किंवा 24 तास असं लिहिलेलं असतं, आणि उभं लावायला परवानगी आहे की नाही तेही. घरचा टीव्ही उभा केला तर त्याची उष्णता बाहेर पडायची वाट बदलते. 32 इंचांवरच्या टीव्ही आणि मॉनिटरवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे. घरचा टीव्ही लावून चार पैसे वाचवायचा मोह त्यामुळे थोडा तरी कमी व्हावा.

काचेच्या दर्शनी खिडकीत पडदा लावणाऱ्यांसाठी वेगळं प्रकरण आहे, कारण तिथं सर्वाधिक पैसा वाया जातो. घरच्या टीव्हीचा प्रखरपणा साधारण अडीचशे ते साडेतीनशे निट, व्यावसायिक पॅनेलचा पाचशे ते सातशे. पश्चिमेच्या उन्हात हे दोन्ही आरशासारखे वागतात. पडद्यात ग्राहकाला स्वतःची स्कूटर दिसते. तिथं अडीच हजार निट तरी लागतात. आणि प्रश्न नुसत्या उजेडाचा नाही. मे महिन्यात इथला पारा 45 च्या आसपास जातो, काचेमागे तो आणखी चढतो, आणि थेट उन्हात तापलेल्या साध्या एलसीडीवर दुपारी काळे ढग उतरू लागतात. आतला द्रवस्फटिक ठरावीक तापमानानंतर आपलं काम सोडतो म्हणून ते दिसतात. संध्याकाळी ढग ओसरतात, त्यामुळे संध्याकाळी आलेल्या मिस्त्रीला पडदा ठणठणीत दिसतो आणि मालक खोटा पडतो. दुपारी तीन वाजता मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा.

बाहेरच्या एलईडीला पाच हजार निटांच्या पुढे जावं लागतं, ते ठीक. पण तोच प्रखरपणा रात्री ठेवला तर समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाची झोप जाते आणि दुचाकीवाल्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. रात्री दिवसाच्या दहाव्या हिश्शानंही काम भागतं. उजेड ओळखून प्रखरपणा कमी करणारा सेन्सर पूर्ण भिंतीच्या किमतीपुढे काहीच नाही, तरी कोटेशन खाली आणताना पहिला बळी त्याचाच जातो. वर सांगितलेल्या भिंतीचा वीजखर्चही बघा. क्षेत्रफळ सुमारे 9.8 चौरस मीटर; चौरस मीटरला सरासरी 250 वॅट धरले तर अडीच किलोवॅट. दिवसाला 14 तास चालवली तर 34 युनिट, महिन्याला हजाराच्या वर. सेन्सर हा पैसा वाचवतो, आणि दिव्यांचं आयुष्यही वाढवतो.

लग्नकार्याच्या हॉलवाल्यांनी मात्र निटपेक्षा रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा नव्यानं उजळतं ते, आधी विचारावा. डोळ्याला 1920 हर्ट्झ आणि 3840 हर्ट्झ सारखेच दिसतात, पण फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याला नाही. कमी रिफ्रेशच्या भिंतीपुढे काढलेल्या फोटोत नवरा-नवरीच्या मागे काळ्या पट्ट्या येतात, आणि त्या काढून टाकता येत नाहीत. भाड्यानं मिळणारी पी3.91 ची 500 बाय 500 मिलिमीटरची कॅबिनेटं हल्ली गावोगाव फिरतात. एका कॅबिनेटमध्ये 128 बाय 128 ठिपके. वर्षातून आठ-दहा कार्यक्रम असतील तर भाड्यानंच घ्या. स्वतःची भिंत घेऊन ती धुळीत ठेवण्यात कसला थाट?

या सगळ्या रंगीत पडद्यांचा मूळ दिवा आपण समजतो तितका जुना नाही. लाल एलईडी निक होलोनयाक यांनी 1962 मध्ये केला, म्हणून आपल्या एसटीडी बूथमधले आकडे लाल असायचे. निळ्यासाठी 1990 चं दशक उजाडावं लागलं. जपानच्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना त्याबद्दल 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळा आला तेव्हा पांढरा जमला आणि पूर्ण रंगीत भिंत शक्य झाली. या इतिहासावर पुस्तकात चारच पानं आहेत, जास्त हवीत असं वाटणाऱ्यानं ती दुसरीकडे शोधावीत.

लोखंडी सांगाड्याच्या प्रकरणाला मात्र मी कात्री लावू दिली नाही. 13 मे 2024 ला घाटकोपरच्या छेडानगरमध्ये पेट्रोल पंपावर महाकाय फलक कोसळला आणि 17 माणसं गेली. मुंबईत 40 बाय 40 फुटांची मर्यादा असताना तो तिच्या कितीतरी पट मोठा होता. त्याआधी वर्षभर, एप्रिल 2023 मध्ये, पिंपरी-चिंचवडच्या किवळ्यात फलक पडून पाच जण दगावले. हे दोन्ही साधे फलक होते. एलईडीचं लोखंडी कॅबिनेट चौरस मीटरला 40 ते 50 किलो भरतं, म्हणजे आपल्या साडेबारा बाय साडेआठच्या भिंतीचं वजन सांगाडा सोडून चार-पाचशे किलो. वादळात फ्लेक्स फाटतो आणि वाऱ्याला वाट देतो. एलईडी वॉल फाटत नाही, सगळा जोर सांगाड्यावर घेते. रोहिणीच्या आधीची वादळं या भागात नवी नाहीत. तरी पंधरा लाखांची भिंत आणि तिचा सांगाडा मात्र 'आपल्या ओळखीच्या वेल्डिंगवाल्याकडून' असा व्यवहार मी पुन्हा पुन्हा पाहतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र हा नगरपालिकेला द्यायचा कागद समजू नका. खाली आपलंच गिऱ्हाईक उभं असतं.

आता दुसरा प्रश्न, तिसऱ्या वर्षाचा. एलईडी भिंत एकदम मरत नाही, ठिपक्याठिपक्यानं मरते. पावसाचं पाणी समोरून क्वचित शिरतं, मागच्या केबलच्या भोकातून हमखास शिरतं. पॉवर सप्लायच्या उबेला पाली येऊन बसतात. या गावात लोखंडाची बारीक धूळ हवेत असते, ती ओलाव्यात कनेक्टरवर बसते. हे सगळं दुरुस्त होतं. दुरुस्त होत नाही तो रंग. एलईडीचे दिवे लॉटमध्ये बनतात आणि दोन लॉटचा लाल कधीही तंतोतंत सारखा नसतो. दोन वर्षांनी तोच नंबर सांगून मागवलेलं मॉड्यूल बसतं बरोबर, चालतंही, पण भिंतीवर ठिगळासारखं उठून दिसतं. म्हणून खरेदीच्या दिवशीच, त्याच लॉटची, शंभराला पाच तरी जादा मॉड्यूल लिहून घ्या. सोबत एक-दोन रिसीव्हिंग कार्ड आणि पॉवर सप्लाय. ही पेटी गोदामात नको, आपल्या कपाटात हवी.

आणि सेटिंगची फाइल. नोव्हास्टार असो, कलरलाइट असो की हुइडू, भिंतीची जुळवणी ज्या फाइलमध्ये साठवलेली असते ती बसवणाऱ्याच्या लॅपटॉपमध्ये राहते. तो नोकरी बदलतो, नंबर बदलतो, आणि कार्ड बदललं त्या दिवशी चित्राचे तुकडे इकडचे तिकडे होतात. शेवटचा हप्ता देण्याआधी ती फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि भिंतीच्या वायरिंगचा मागून काढलेला फोटो तिच्यासोबत ठेवा. एका लॅन पोर्टवर साधारण साडेसहा लाख ठिपके चालतात, त्यामुळे पी2.5 च्या आपल्या भिंतीला तीन पोर्ट लागतात. कुठला पोर्ट कुठल्या कोपऱ्याचा, हे फोटोवरच लिहून टाका.

सीओबी नावाचा नवा प्रकार, पारदर्शक एलईडी, स्पर्शानं चालणारे किऑस्क यांवरची प्रकरणं शेवटी आहेत आणि छोटी आहेत. सीओबीचा पृष्ठभाग सपाट असतो, लहान मुलांच्या हातानं दिवे निखळत नाहीत, हे खरं. पण बिघडलेला ठिपका जागेवर बदलता येत नाही, मॉड्यूल पाठवावं लागतं. भिलाईहून ते कुठं पाठवायचं आणि किती दिवसांत परत येणार, याचं लेखी उत्तर मिळालं तर जरूर घ्या.

पुस्तकाच्या शेवटी चार पानी तक्ता जोडला आहे. बघणाऱ्याचं कमीत कमी आणि जास्तीत जास्त अंतर, दुपारी तीनला त्या जागी ऊन येतं का, सर्वात लांब शब्द कोणता, विजेचा भार मंजूर किती आहे, मागून हात घालायला जागा आहे का, असे प्रश्न त्यात आहेत. टेप घेऊन जागेवर जा, तक्ता पेन्सिलीनं भरा, त्याच्या तीन झेरॉक्स काढा आणि तीन विक्रेत्यांना तीच एक प्रत देऊन कोटेशन मागवा. जो विक्रेता तक्ता न वाचता थेट दर चौरस फुटाचा भाव सांगेल, त्याला चहा पाजून निरोप द्या.